साडेसतरा तासांचा पल्ला

येसूबाईला किलोमीटरची भाषा कधी कळली नाही. तिच्या लेखी गावागावांमधलं अंतर एकाच मापानं मोजलं जाई. नवऱ्याचा राग तिथवर टिकतो, की वाटेत उतरतो, एवढंच ती बघायची.

उरणच्या खाडीकाठी थोरलीखार म्हणून गाव, तिथली ही बाई. शेजारच्या काशीचं घर वीस पावलांवर, म्हणजे बिनकामाचं. तिथे लपलं की नवरा, नामा, दुप्पट तापून यायचा. काशीच्या दारावर कुऱ्हाडीचा घाव अजून आहे, तिने त्यावर रंग लावून घेतलाय इतकंच. मिठागरावरची खोपी चालत अर्ध्या तासावर. तिथे पोचेस्तोवर राग निम्मा होई, पण नामाचा निम्मा राग म्हणजे येसूबाईच्या दोन बरगड्या. उरलं रेवदंडा. करंज्याच्या धक्क्यावर लाँच धरायची, पलीकडे रेवसला उतरायचं, मग अलिबाग, मग रिक्षा. तीन तास कुठे गेले नाहीत. रेवदंड्याला नामाची बहीण सुचिता दिलेली. तिच्या ओटीवर पाय ठेवेपर्यंत नामा पार थंड झालेला असे. पाणी मागे, जवळा केलाय का विचारी, आणि पळून आलेल्या पोरीच्या, प्राप्तीच्या, डोक्यावरून हात फिरवून तिला घरी घेऊन येई.

त्यामुळे त्या घरात रेवदंडा हे नुसतं गावाचं नाव राहिलं नव्हतं. नवरा अंगणात चपला कशा काढतो यावरून येसूबाईला पुढचं सगळं कळायचं. ती चुलीपुढून हलक्या आवाजात म्हणे, "प्राप्ती, रेवदंडा." की पोर हातातलं टाकून मागच्या दारानं सुटलीच. दहाव्या वर्षापासून प्राप्ती एकटी खाडी ओलांडत होती. येसूबाई स्वतः मात्र एकदाही गेली नाही. कुणीतरी घरात सापडायला हवं ना. कुणीच हाताला लागलं नाही तर राग तीन तासांनी उतरत नाही, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

नामा दारूला शिवत नसे. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण बाई मार खाते म्हटलं की लोकांना दारूवर खापर फोडायची घाई असते. दोन ट्रेलरचा मालक, बंदरावर चोख धंदा. उधाणाच्या भरतीनं खारबांधाला खांड पडली की सगळ्यांच्या आधी कमरेएवढ्या चिखलात उडी घेणारा हाच. गावात त्याला मान होता. तापट आहे, पण मनाचा चांगला आहे, असं बायकासुद्धा म्हणायच्या. मन काय त्यांनी बघितलं होतं? हात बघितले होते येसूबाईनं, एकतीस वर्षं. त्या हातांना रोज काहीतरी लागायचं. ट्रेलरचा क्लिनर, कुत्रा, दाराची चौकट, आणि बाकी सगळं सरलं की बायको.

दवाखान्यात ती दर वेळी एकच शब्द सांगे. "परले." शेवाळावर पडले, विहिरीवर पडले, अंधारात पडले. डॉक्टर खाली मान घालून तेच लिहून घ्यायचा. मनगट, बरगड्या, डाव्या कानाचा पडदा. एवढी पडणारी बाई साऱ्या तालुक्यात दुसरी नसेल, पण एकानेही विचारलं नाही की बाई, तू चालतेस तरी कशी.

प्राप्ती पनवेलला नर्स झाली आणि तिचं ऋत्विकशी जमलं. तो जातीबाहेरचा, रोह्याकडच्या कुणब्यांचा पोरगा, कंटेनर यार्डात सुपरवायझर. नामाला ते कळलं भर श्रावणात. तो आधी यार्डाच्या फाटकाशी गेला, हातात ट्रेलरची टॉमी, म्हणजे चाक खोलायची लोखंडी कांब. चाळीस ड्रायव्हरांच्या देखत त्यानं ऋत्विकचा उजवा गुडघा तीन घावांत फोडला. चौथा घाव डोक्यावर बसायचा, तेवढ्यात दोघांनी मागून कवळ घातली. तिथून सुटला तो सरळ घरी आला.

त्या दिवशी समुद्र खवळलेला, लाँच बंद. रेवदंडा नव्हतंच. नामानं सुट्टीवर घरी आलेल्या पोरीची वेणी मुठीला गुंडाळली आणि तिला अंगणभर फरफटत नेलं, तुळशीच्या कट्ट्यावर तिचं कपाळ आपटलं, एकदा, दोनदा. "बोल, जाशील त्याच्याकरं? बोल!" तिच्या तोंडात रक्त आणि माती. येसूबाई येऊन पोरीवर पालथी पडली. मग जे काही आलं ते तिच्या पाठीवर आलं. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला. नामा धापा टाकत पाणी प्यायला आत गेला, तेवढ्यात काशीनं पोरीला आपल्या टेम्पोत कोंबलं. येसूबाई जमिनीवरूनच म्हणाली, "रेवदंड्याच्या पलीकरं जा. जेवरं लांब जाता येल तेवरं जा."

पोरगी शब्दाला जागली. कोर्टात लग्न केलं, परीक्षा दिल्या, आणि नवऱ्याला घेऊन न्यूझीलंडला गेली, ऑकलंडला. तिथून पहिला फोन आला तो काशीच्या मोबाइलवर.

"आई, बारा हजार तीनशे किलोमीटर आलोय आम्ही."

"ता नको सांगू. वेल किती लागतं?"

"साडेपाच तास सिंगापूर. तिथे दोन तास थांबायचं. मग दहा तास. धर साडेसतरा."

येसूबाईनं बोटांवर हिशोब केला. जवळजवळ सहा रेवदंडे. एवढा राग नामाकडेही नव्हता. ती त्या रात्री शांत झोपली, आणि पुढची चार वर्षं मार खातानाही तिला वाटत राहिलं की आपण जिंकलो.

मग एका हळदीत कुणीतरी जेवता जेवता बोलला, "नामाशेट, जावय येतो का हळदीला, का लंगरत लंगरत पोचल पुढच्या वर्षी?" सगळी पंगत हसली. नामानं त्याचा जबडा तिथेच मोडला, पण हसू काही परत घेता आलं नाही. पुढे आठ दिवस तो कुणाशी बोलला नाही. आणि नवव्या दिवशी त्यानं स्वतः प्राप्तीला फोन लावला.

तोवर प्राप्तीला मुलगी झाली होती, आरोही. नामा फोनवर नातीला हाका मारू लागला. रडलासुद्धा. माझं चुकलं, म्हणाला. एकदा नातीला बघू दे, म्हणाला. प्राप्तीला बाप असा कधी मिळालाच नव्हता. ती विरघळली. तिनं कागदपत्रं केली, दोघांची तिकिटं काढून पाठवली. येसूबाईला आनंद झाला नाही असं कसं म्हणू? नातीचा फोटो बघून तिला पान्हा फुटल्यासारखं व्हायचं. आपल्या जुन्या लुगड्यांची तिनं नातीसाठी गोधडी शिवली आणि एकेक टाका घालताना मनाला समजावलं की माणूस म्हातारपणी बदलतो.

निघायच्या दोन दिवस आधी तिनं त्याची बॅग उघडली ती सुक्या बोंबलांसाठी. सुकं काही आणू नका, इथे चालत नाही, असं प्राप्तीनं दहादा बजावलेलं, आणि नामानं ते गुपचूप भरले असणार याची येसूबाईला खात्री. बोंबील होतेच. त्यांच्या खाली गोधडी होती, तिनं घातली होती तशी नाही, वेगळी घडी. तिनं ती उलगडली. आत घरचा कोयता होता. नारळ सोलून सोलून बोथट झालेला, आता दगडावर नव्यानं धार लावलेला. अंगठा नुसता टेकवला तर रक्त आलं.

ती काशीकडे धावली. फोन लावून दिला.

"आई, नारळासाठी घेतला असेल गं," प्राप्ती म्हणाली, पण तिचा आवाज बसला होता. "आणि इथे विमानतळावर सामान बघतात. कोयता काढून घेतील."

"कोयता काढून घेतील. हात कोन काढून घेल?"

मग प्राप्ती म्हणाली, "मी आत्ताच्या आत्ता सगळं रद्द करते." आणि लगेच म्हणाली, "पण मग तो तुला काय करेल?"

खरंच होतं ते. आज नाही गेला तर बायकोचा जीव घेईल आणि पुढच्या वर्षी जाईल. दोघी एकमेकींच्या गळ्यातला फास झाल्या होत्या. येसूबाई म्हणाली, "तू काय करू नको. मी बघतंय."

त्या दिवशी ती खारबांधावर जाऊन बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा उलट मोजायला लागली. नवऱ्याचा राग किती तास टिकतो हे तिला तोंडपाठ होतं. पण त्याची शांतता किती टिकते? कुणावरही, कशावरही हात न पडता नामा जास्तीत जास्त किती वेळ राहिला? तिनं एकतीस वर्षं चाळली. प्राप्ती जन्मली तो दिवस, नऊ तास. सत्यनारायण, आठ. सासू गेली त्या दिवशी मात्र पहाटेपासून त्यानं सगळं सुरळीत केलं, खांदा दिला, अग्नी दिला, आणि संध्याकाळी ओली लाकडं आणली म्हणून लाकूडवाल्याला चिता विझायच्या आत बडवला. चौदा तास. त्यापलीकडे एक दिवस तिला आठवला नाही.

आणि पल्ला होता साडेसतराचा. वाटेत कुठेतरी, परक्या माणसांच्या देखत, त्याचा हात सुटणारच होता.

कोयता तिनं ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात फेकला. तो सुळकन आत गेला. गोधडीत तेवढ्याच वजनाचा वरवंटा बांधून घडी होती तशी घातली. बोंबील तेवढे काढून काशीला दिले.

निघायच्या दिवशी पहाटे पाचला नामानं काळूला मारलं. कुत्रं त्याच्या बॅगेला हुंगत होतं. एका लाथेत ते पायरीवर जाऊन आदळलं आणि मग उठलंच नाही. येसूबाईनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. पोरीनं नर्सच्या पहिल्या पगारातून दिलेलं होतं ते. पाच. इथून मोजायचं.

विमान साडेअकराला सुटलं. नामा खिडकीशी, ती मधे. आपल्याला भीती वाटेल असं तिला वाटलं होतं, पण विमानाची भीती वाटायला मनात जागाच नव्हती. नामा शहाण्यासारखा वागत होता. तिचा पट्टा त्यानं लावून दिला. पुढच्या माणसानं खुर्ची मागे रेलली, याच्या गुडघ्यांना लागली, तरी हा गप्प. फक्त बोटं मोडत होता, एकेक करून, पुन्हा पहिल्यापासून. खाली ढग पसरले तेव्हा तो बघत राहिला आणि म्हणाला, "मिठागर वाटतंय नाय?" खरंच तसं दिसत होतं. आपण चुकतोय की काय, असं तिला वाटून गेलं. लग्नात असाच बोलला होता हा.

मग ढगांकडे बघतच त्यानं विचारलं, "तो लंगरतो ना अजून?"

तिनं त्याच्या बोटांकडे बघितलं.

"डावा गुडघा हाय अजून त्याचा," नामा म्हणाला. "आन प्राप्तीच्या गल्यात आपल्या घरची सोन्याची माल नको. ती पन उतरवू, गल्यासकट."

त्यानंतर येसूबाईनं ढगांकडे बघितलं नाही. घड्याळाकडे बघत राहिली.

सिंगापूरला उतरले तेव्हा बाहेर काळोख होता, पण तिच्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजले होते आणि तिनं काटे हलवले नाहीत. बारा तास झाले होते. लांबच लांब गालिचे, काचा, फुलं, हजारो माणसं, आणि मारायला काही नाही. पुढच्या विमानाच्या दाराशी खुर्च्या होत्या, तिथे दोघं बसली. सहा वाजले. नामा मुठी मांडीखाली दाबून बसला होता. कपाळाची शीर उडत होती. सव्वासहा. साडेसहा. काउंटरवरच्या बाईनं माणसांना रांगेत बोलवायला सुरुवात केली, आणि नामा उठून उभा राहिला, हातातली पिशवी उचलली. येसूबाईला एकदम कळलं की हा धरून ठेवणार. कुत्र्यापासून, क्लिनरपासून, तिच्यापासून वाचवून सगळं तिकडे घेऊन चाललाय. चौदाचं माप या वेळी चुकणार.

तिनं त्याची बाही धरली.

"कोयता नाय बॅगंत," ती म्हणाली.

"काय?"

"गोधरीत वरवंटा हाय. कोयता म्या खारीत टाकला. प्राप्तीला सगला सांगितलाय."

पहिली थप्पड तिच्या चांगल्या कानावर बसली. दुसरा ठोसा तोंडावर, दोन दात आत गेले. ती खुर्चीच्या लोखंडी हातावर आदळली, भुवई फाटली, एक डोळा रक्तानं भरला. आजवर अशा वेळी ती कोपरा धरून गोळा व्हायची. या वेळी ती खुर्चीला धरून उठली आणि तोंड वर केलं. ते बघून नामा पिसाळलाच. तिचे केस धरून त्यानं तिचं डोकं काचेवर आपटलं, एकदा, पुन्हा, तीच जुनी रीत, आणि तोंडानं थोरलीखारच्या अंगणातल्या शिव्या. पण हे अंगण नव्हतं. चारी बाजूंनी माणसं ओरडत उठली. एका म्हाताऱ्या परदेशी बाईनं त्याच्या पाठीत आपली पिशवी घातली. गणवेशातली दोन पोरं धावत आली, नामानं त्यातल्या एकाचं नाक फोडलं, मग आणखी चौघं आले आणि त्यांनी त्याला गालिच्यावर पालथा पाडून हात मागे बांधले. तो गुरासारखा ओरडत होता. येसूबाईनं मनगट डोळ्यापाशी नेलं, काचेवरचं रक्त पुसलं. सहा अडतीस. चौदाला बावीस मिनिटं कमी.

तिच्या भुवईला सात टाके पडले. एक हिंदी बोलणारी पोलीस बाई शेजारी बसली आणि हळू विचारलं, "क्या हुआ था, अम्मा?"

एकतीस वर्षांच्या सवयीनं शब्द जिभेवर आला. परले. तो तिनं गिळला. त्याला रक्ताची चव होती.

"मारा," ती म्हणाली. "मेरे मरद ने मारा. लिखो."

बाईनं लिहून घेतलं. मग विचारलं की परत मुंबईला जायचंय का. येसूबाईनं बोट पुढे केलं, विमानाच्या दिशेनं. ते विमान कधीच गेलं होतं. तिला दुसऱ्या दिवशीच्या विमानात बसवून दिलं. साडेसतरा तासांच्या पल्ल्याला तिला साडेएकेचाळीस लागले.

ऑकलंडला तिच्याबरोबर आलेली नामाची बॅग उघडली. तपासणारा उंच माणूस गोधडीतून निघालेला वरवंटा हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिला. तिनं दोन्ही हातांनी वाटून दाखवलं. तो हसला आणि वरवंटा पुन्हा नीट गुंडाळून दिला. आपण केलेली घडी बाप्या माणूस इतकी सांभाळून घालतोय, याचं तिला फार नवल वाटलं.

दाराबाहेर प्राप्ती उभी होती. आई एक दिवस उशिरा येतेय, एकटीच येतेय, एवढंच तिला फोनवर कळलेलं. आईचा सुजलेला काळानिळा चेहरा तिनं बघितला आणि तिच्याही तोंडून तेच आलं, लहानपणी शेजाऱ्यांना सांगायची ते.

"आई, पडलीस?"

"परले नाय," येसूबाई म्हणाली. ओठ फाटलेले, शब्द नीट फुटत नव्हते. "तुज्या बापसानं मारलं. शंभर मानसांनी बघितलं. लिहून पन घेतलं."

"तो कुठाय?"

"नाय पोचला गो. त्याला झेपला नाय एवरा पल्ला."

प्राप्ती तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मागून ऋत्विक आला, उजवा पाय ओढत, कडेवर आठ महिन्यांची आरोही. येसूबाईची नजर आधी त्याच्या गुडघ्याकडे गेली आणि तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना. तोच वाकून तिच्या पाया पडला. आरोहीला ते टाक्यांचे काळे दोरे फार आवडले असावेत. बापाच्या कडेवरून ती पुढे झुकली आणि तिनं हात लांब केला.

हात तोंडाकडे येताना दिसला तसे येसूबाईनं सवयीनं डोळे गच्च मिटले, मान खांद्यात घातली आणि ती वाट बघत उभी राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग तिनं डोळे उघडले.